दाणे की पाऊच? आधी बोक्याच्या पाण्याचा हिशेब मांडू

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे साडेतीन वर्षांचा देशी बोका आहे, गुंड्या. नसबंदी झालेली, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून खाली कधी उतरत नाही, वजन ५.८ किलो. नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला घराबाहेर पडतात ते संध्याकाळी सातलाच परततात. म्हणून वाटीत ड्राय फूड, म्हणजे मांजरांसाठीचे तयार कोरडे दाणे, भरून ठेवलेलं असतं, संपलं की पुन्हा भरायचं. दुकानदार सांगतो, ड्रायच चांगलं, दात साफ राहतात. मैत्रीण सांगते, ड्रायने मुतखडा होतो, ते आजच बंद कर आणि पाऊच, म्हणजे पाकिटातलं ओलं खाणं, सुरू कर. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वाड्यातली मांजरं दूध-पोळीवर पंधरा-पंधरा वर्षं जगली, हे नखरे हवेतच कशाला? यातलं कुणाचं खरं मानायचं, असं ताईंनी विचारलंय.

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. गुंड्याच्या रोजच्या खाण्यातला निम्म्याहून जास्त भाग ओला हवा, आणि जे कोरडं द्याल ते काट्यावर मोजून द्यायला हवं. पूर्णपणे ओल्या खाण्यावर नेता आलं तर फारच छान, पण ते जमलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. हे उत्तर गुंड्यापुरतं आहे: नसबंदी झालेला, घरातच राहणारा, अंगाने सुटलेला बोका. तुमच्याकडे सडपातळ, दिवसभर गच्चीवर आणि कुंपणावर उंडारणारी भाटी असती, तर मी एवढा आग्रह धरला नसता.

मी गेली २२ वर्षं पुण्यात छोट्या प्राण्यांचा दवाखाना चालवते. सुरुवातीला आठवड्याला चार-पाच मांजरं यायची. आता रोजच्या रुग्णांत निम्मी मांजरं असतात, आणि त्यातली बहुतेक फ्लॅटमधली. या बदलातच तुमच्या प्रश्नाचं मूळ आहे.

सासूबाईंपासून सुरुवात करते. त्यांनी पाहिलं ते खरंच आहे, फक्त त्यावरून काढलेला अर्थ चुकलाय. वाड्यातल्या मांजराला दूध-पोळी मिळायची, ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पण त्याच वाड्यात माळा होता, धान्याची कोठी होती, लाकडं रचलेली पडवी होती आणि तिथे उंदरांना तोटा नव्हता. शिवाय पाली, चिमण्या, खारीची पिल्लं. मांजराचं खरं जेवण रात्री, कुणी पाहत नसताना व्हायचं. दूध-पोळी म्हणजे वरचा खाऊ. आणि उंदराच्या शरीरात ६५ ते ७० टक्के पाणी असतं. म्हणजे वाड्यातलं मांजर खऱ्या अर्थाने ओलं खाणंच खात होतं, ते फक्त पाकिटातून येत नव्हतं. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर उंदीर नाही. तिथे नुसती दूध-पोळी दिली तर उरतं ते फक्त दूध आणि पोळी, आणि त्यावर मांजर जगत नाही.

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर बऱ्यापैकी निभावून नेतो, मांजराचं शरीर तसं बनलेलंच नाही. गाजरातल्या द्रव्यापासून आपण जीवनसत्त्व अ तयार करतो, मांजराला ते करता येत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा हृदयरोगाचा संबंध दाखवून दिला, आणि त्यानंतर तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. तेव्हापासून हा आजार एकदम कमी झाला. म्हणून मी तयार खाण्याला नावं ठेवत नाही. चांगलं कोरडं खाणं दूध-भातापेक्षा शंभर पटींनी बरं.

आता पाण्याकडे येते. घरातल्या मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. पाणी मिळायचं ते भक्ष्याच्या शरीरातूनच, त्यामुळे त्यांची मूत्रपिंडं पाणी जपून वापरायला शिकली आणि तहान मात्र मंद राहिली. मांजराला पाणी कमी पडत असतं तरी ते उठून भांड्यापाशी जातंच असं नाही. पाच किलोच्या मांजराला खाणं आणि पिणं धरून दिवसाला साधारण २५० मिली पाणी लागतं. ड्राय फूडमध्ये पाणी असतं ६ ते १० टक्के, पाऊचमध्ये ७५ ते ८२ टक्के. गुंड्याने दिवसात ५५ ग्रॅम दाणे खाल्ले तर त्यातून त्याला चमचाभरच पाणी मिळतं. बाकी सगळं त्याने भांड्यातून प्यायला हवं. दाण्यांवर असलेली मांजरं पाणी जास्त पितात हे खरं, पण खाण्यातून जे कमी आलेलं असतं ते ती पूर्ण भरून काढत नाहीत. एकूण पाणी कमीच पडतं, लघवी दाट होते, आणि बोक्याच्या बाबतीत हे नुसतं आकड्यांवर थांबत नाही. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी अतिशय अरुंद असतो.

एक बोका मला कधी विसरता येणार नाही. दवाखाना सुरू करून दोन-तीन वर्षंच झाली होती. नारायण पेठेतल्या एका कुटुंबाचा काळा बोका, सगळे त्याला काळू म्हणायचे. संध्याकाळी फोन आला की तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, बहुतेक शी होत नाहीये. मी फोनवरच बद्धकोष्ठाचं औषध सांगितलं आणि सकाळी घेऊन या म्हटलं. सकाळी त्याला टेबलावर ठेवलं आणि पोटाला हात लावला. मूत्राशय मोसंब्याएवढं, आणि दगडासारखं टणक. हात लावताच तो असा ओरडला की बाहेर बसलेली माणसं उभी राहिली. भूल देऊन बारीक नळी घातली तेव्हा टोकाशी अडकलेला गाळ बाहेर आला, टूथपेस्टसारखा, पांढरट. बोटांत चोळला की बारीक रेती लागत होती. थेंबभर लघवी काचपट्टीवर घेऊन पाहिली, तर पेटीच्या झाकणासारखे दिसणारे स्फटिक नुसते खच्चून भरलेले.

काळू त्या वेळी वाचला. पुढे माझं चुकलं. मी औषधं लिहून दिली, सात दिवसांनी दाखवायला सांगितलं, आणि खाण्याबद्दल एक शब्द बोलले नाही. वाटीभर दाणे तसेच चालू राहिले. दोन महिन्यांनी तो पुन्हा तुंबला, पुन्हा वाचला. तिसऱ्या वेळी घरचे गावाला गेले होते, शेजाऱ्यांच्या लक्षात यायला दीड दिवस गेला. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि ते हृदयच थांबवतं. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक बोक्याच्या घरच्यांना मी पहिला प्रश्न विचारते तो खाण्याचा.

पण तुमच्या मैत्रिणीचं म्हणणंही जसंच्या तसं घेऊ नका. दाणे खाल्ले की खडा झाला, इतकं सरळ गणित नाही. लाखो मांजरं जन्मभर दाण्यांवर असतात आणि त्यांना काही होत नाही. तरुण मांजरांत लघवीच्या तक्रारींचं सगळ्यात मोठं कारण खडा नसतोच. मूत्राशयाला सूज येते आणि तिचं ठोस कारण सापडत नाही. त्यात ताणाचा वाटा मोठा असतो. घरात नवं बाळ, शेजारी ड्रिल मशीन, नवीन मांजर, वाळूचा ट्रे घाण. वजन जास्त, हालचाल कमी, घरातच राहणं, बोका असणं, ही सगळी भर. पण या सगळ्यात आपल्या हातात लगेच काय आहे? पाणी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी सूज येऊन गेलेल्या मांजरांना वर्षभर एकाच प्रकारचा आहार दिला, काहींना डब्यातला ओला, काहींना कोरडा. कोरड्यावरच्या ३९ टक्के मांजरांना त्रास परत झाला, ओल्यावरच्या ११ टक्के मांजरांना. हा फरक मला पुरेसा वाटतो, आणि माझ्या टेबलावरही मला तेच दिसत आलंय.

एक गोष्ट मात्र आत्ताच पाठ करून ठेवा. गुंड्या सारखा ट्रेमध्ये जातोय, थेंब-थेंब होतंय किंवा काहीच होत नाहीये, खालची जागा सतत चाटतोय, ओरडतोय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी उघडा दवाखाना शोधा. ही काही तासांची लढाई असते. आणि शी होत नसेल असं समजून घरी कुठलंही औषध देऊ नका, काळूच्या वेळी मी केली ती चूक तुम्ही करू नका.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि माझ्या मते गुंड्यासाठी तो पाण्याइतकाच मोठा आहे. त्याच्या हाडापेरानुसार त्याचं वजन ४.८ च्या आसपास असावं असं मी धरून चालते, प्रत्यक्ष पाहिल्यावर नक्की सांगता येईल. किलोभर जास्त म्हणजे फार नाही असं वाटतं. साठ किलोच्या माणसाच्या अंगावर बारा किलो चढले तर जे होईल ते हे आहे. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते, आणि नेमकी तेव्हाच आपण भरलेली वाटी समोर ठेवून कामाला जातो. दाण्यांत ताकद ठासून भरलेली असते: १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० कॅलरी. पाऊचमध्ये १०० ग्रॅमला ७० ते १०० च. गुंड्याला वजन उतरवायला दिवसाला २०० च्या आसपास कॅलरी पुरतील. दाण्यांत मोजल्या तर ५५ ग्रॅम. तुम्ही वाटीत जे भरता ते एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून पाहा. माझ्याकडे येणाऱ्या घरांत ‘एक छोटी वाटी’ म्हणजे ४० ग्रॅमपासून ९० ग्रॅमपर्यंत काहीही निघतं. वाटीचा भरवसा धरू नका. आपण साखर मोजतो, डाळ मोजतो, तसे हे दाणे मोजा.

दुकानदाराचं दातांचं म्हणणं लवकर निकालात काढते. चिवडा खाल्ला म्हणून आपण दात घासायचं सोडत नाही. साधा दाणा मांजराच्या दातांखाली टचकन फुटतो, हिरडीच्या कडेपर्यंत तो घासला जातच नाही, आणि बरीच मांजरं तर दाणे न चावताच गिळतात. उलटी केल्यावर अख्खे दाणे दिसतात ते त्यामुळेच. दातांसाठी खास बनवलेले मोठे, चिवट दाणे मिळतात, त्यांचा थोडा उपयोग होतो. खरा उपयोग मांजरांसाठीची टूथपेस्ट लावून ब्रश करण्याचा. माणसांची पेस्ट नको. पिल्लाला लहानपणी सवय लावली तर जमतं. साडेतीन वर्षांचा गुंड्या पहिल्या आठवड्यात तरी तोंड उघडू देणार नाही, तिथे बोटावर पेस्ट लावून चाटू देण्यापासून सुरुवात करा.

मग कोरडं खाणं टाकाऊ आहे का? अजिबात नाही. तुम्ही दहा-दहा तास घराबाहेर असता, तेव्हा दुपारी टायमरच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप उघडणाऱ्या डब्यातून जे मिळेल ते दाणेच असणार, कारण पाऊच उघडून इतका वेळ ठेवता येत नाही. दाणे खेळण्यात घालून ठेवता येतात: भोकं पाडलेली प्लॅस्टिकची बाटली, अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे, त्यातून एकेक दाणा पंजाने काढायचा. घरात एकटं कंटाळलेल्या मांजराला ते मनापासून आवडतं. खालच्या दहा-बारा भटक्या मांजरांना खायला घालणाऱ्या काकूंना मी पाऊच घ्या असं कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांना दाणेच योग्य, सोबत स्वच्छ पाण्याचं भांडं. वजन न वाढणाऱ्या, अशक्त मांजरालाही थोडक्यात जास्त ताकद देणारे दाणे कामाला येतात.

पाकिटावर काय वाचायचं तेही सांगते, कारण इथे भले भले फसतात. पाऊचवर प्रथिनं ९ टक्के लिहिलेली असतात आणि दाण्यांच्या पिशवीवर ३२ टक्के. बघणाऱ्याला वाटतं, पाऊच म्हणजे नुसतं पाणी विकत घेतलं. पण तुलना पाणी वगळून करायची असते. पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी असेल तर उरलेल्या १८ भागांतले ९ प्रथिनं, म्हणजे निम्मी, ५० टक्के. दाण्यांत १० टक्के पाणी धरलं तर ९० भागांतले ३२, म्हणजे ३५ टक्क्यांच्या जरा वर. शिवाय दाण्याला आकार येण्यासाठी त्यात पिष्ट घालावंच लागतं, मका, तांदूळ, वाटाणा किंवा बटाटा. ‘ग्रेन-फ्री’ लिहिलं म्हणजे पिष्ट नाही असं होत नाही, धान्याच्या जागी वाटाणा आला एवढंच.

दुसरं, पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द शोधा, आणि कुठल्या वयासाठी तेही. सोबत एएएफसीओ किंवा फेडिआफचा उल्लेख असेल तर चांगलं, या अनुक्रमे अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या आहाराची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्था. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं असेल तर ते पूर्ण जेवण नाही. जेलीतले ट्यूनाचे तुकडे असलेली कित्येक सुंदर पाऊचं आणि डबे या प्रकारात मोडतात. चाटायला देतात त्या क्रीमच्या नळ्याही खाऊच. मांजर त्यांच्यावर तुटून पडतं, म्हणून घरचे समजतात की जेवलं. कुत्र्याचं खाणं मांजराला कधीच नको, त्यात मांजराला पुरेल एवढं टॉरिन असेलच असं नाही. आणि पेठांतल्या काही दुकानांत गोणीतून किलोवर सुटे दाणे मिळतात ते घेऊ नका. त्यावर ना तारीख, ना मजकूर, आणि उघड्या गोणीतली चरबी हवेने खवट होते. आपल्याला वास येत नाही, मांजराला येतो.

आता गुंड्यासाठी प्रत्यक्ष बेत. सकाळी निघण्याआधी एक ८५ ग्रॅमचं पाऊच, त्यात दोन चमचे कोमट पाणी कालवून. दिवसभरासाठी मोजून २० ग्रॅम दाणे, निम्मे टायमरच्या डब्यात, निम्मे त्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये घरभर. रात्री नऊला दुसरं पाऊच, पुन्हा पाणी घालून. सगळं मिळून २०० कॅलरींच्या आसपास जातं, आणि फक्त खाण्यातून दीडशे मिलीच्या वर पाणी पोटात जातं. मांजराला दिवसातून दोनदा गच्च जेवणापेक्षा थोडं थोडं खायला आवडतं, तेही यात साधतं. दर पंधरा दिवसांनी वजन करा: आधी स्वतःचं, मग त्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी. आठवड्याला ३० ते ५० ग्रॅम उतरलं तर बरोबर चाललंय. किलो उतरायला पाच-सहा महिने किंवा थोडे जास्तही लागतील, घाई नको.

खर्चाचंही बोलते, कारण घराचं गणित सगळ्यांनाच असतं. साध्या पाऊचला आज पुण्यात साधारण ४० ते ५० रुपये पडतात, म्हणजे रोज दोन धरली तर महिन्याला अडीच ते तीन हजार. हे झेपत नसेल तर एक पाऊच आणि ३५ ग्रॅम दाणे असं करा, आणि पाऊचमध्ये पाणी जरा जास्त घाला. वरून अंगठ्याएवढा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा आणि ती उकडल्याचं पाणी चालेल, मीठ न घालता. त्या पाण्यात कांदा-लसूण मात्र पडू देऊ नका. कांद्या-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात. सूपसाठी कांदा घालून उकडलेल्या कोंबडीतलं पाणी प्रेमाने मांजराला दिल्याचे प्रकार मी पाहिलेत.

याच ओघात घरच्या खाण्याबद्दल. ‘आम्ही पाकिटातलं काही देत नाही, रोज ताजी कोंबडी उकडून देतो’ असं अभिमानाने सांगणारी घरं माझ्याकडे येतात, आणि सोबत तीन-चार महिन्यांचं, मागचे पाय ओढत चालणारं पिल्लू असतं. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतं. शरीर मग ते हाडांतून काढून घेतं आणि हाडं उडी मारताना मोडतात. उंदीर खाणारं मांजर हाडांसकट खातं, हे आपण विसरतो. रोज नुसती कलेजी दिली तर उलट जीवनसत्त्व अ जास्त होऊन मणके जखडतात. सुकट, सुके बोंबील खारट असतात, ते लांबच बरे. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, पोट बिघडतं. घरचंच द्यायचं असेल तर ते पशुआहाराची माहिती असलेल्या डॉक्टरकडून प्रमाण लिहून घेऊनच.

काही घरांत अंडंसुद्धा येत नाही. तिथल्या लोकांची घालमेल मला समजते. एका आजींनी मला विचारलं होतं, श्रावणात तरी मांजराला शाकाहारी ठेवता येईल का? मी त्यांना सांगितलं, आजी, तुमचं व्रत तुमचं, त्याच्यावर लादू नका. त्याचं भांडं, चमचा, कात्री वेगळी ठेवा, पाऊच बाल्कनीत कापा, पण त्याला ते द्या. त्या देतात. हात लावायला जड जात असेल तर बंद पिशवीतले दाणे हा मधला मार्ग आहे, फक्त पाणी जास्त जाईल याची काळजी घ्यायची.

अदलाबदल कशी करायची यात बहुतेक जण चुकतात. मांजर खाण्याच्या चवीपेक्षाही पोत लक्षात ठेवतं. लहानपणी फक्त दाणे खाल्लेल्या बोक्याला मऊ, ओलं काहीतरी म्हणजे खाणंच वाटत नाही. पहिले दोन दिवस दाण्यांच्या वाटीशेजारी चमचाभर पाऊच नुसतं ठेवा. तो वास घेऊन निघून जाईल, जाऊ द्या. मग दोन दाणे कुस्करून त्यावर भुरभुरा. पाऊच फ्रिजमधून काढून थंडगार देऊ नका. वाटी गरम पाण्यात ठेवून अंगाएवढं कोमट करा, वास सुटतो आणि अर्धं काम तिथेच होतं. ग्रेव्ही आवडत नसेल तर पॅटे करून पाहा, म्हणजे लगद्यासारखं. आठ-दहा दिवस धरा, काही बोके महिना घेतात. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा हिशेब मांजराला लावू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचते, कावीळ होते आणि जीव जाऊ शकतो. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर दाणे परत द्या आणि फोन करा.

पुण्याच्या हवेचंही सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० ला गेला की वाटीतलं पाऊच अर्ध्या-पाऊण तासात उचला. हिवाळ्यात दोन तास चालेल. उरलेलं अर्धं पाऊच झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचं. मुंग्या लागतात म्हणून वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवा. त्यासाठी खडूची रेघ किंवा पावडर मारू नका, मांजर पंजे चाटतं. पावसाळ्यात दाणे सादळतात, बुरशी धरतात. मोठी दहा किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, महिन्याभरात संपेल एवढीच घ्या, आणि दाणे मूळ पिशवीसकट घट्ट डब्यात ठेवा. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, पसरट, काचेची किंवा स्टीलची, वाळूच्या ट्रेपासून लांब. गुरुवारी पाणी येत नाही म्हणून कालचंच पाणी राहू दिलं, असं खूप घरांत होतं. त्याच्यासाठी एक तांब्या बाजूला भरून ठेवा.

मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा आजार निघाला तर हा सगळा बेत बदलतो. मधुमेहात कमी पिष्टाचं ओलं खाणं फार उपयोगी पडतं, पण इन्सुलिन चालू असेल तर खाणं मनाने बदलू नका, साखर एकदम खाली जाते. पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजरांना दाणे नीट उचलताही येत नाहीत, त्यांना पसरट ताटलीत पॅटे सोपं जातं. पिल्लांना दोन्हींची सवय लहानपणापासून लावा, म्हणजे पुढे आजारपणात खाणं बदलायची वेळ आली तर अडत नाही.

ताई, या आठवड्यात गुंड्याला एकदा जवळच्या डॉक्टरांकडे नेऊन लघवी तपासून घ्या. आणि रोज ट्रे साफ करताना लघवीने वाळूत होणाऱ्या गोळ्यांकडे लक्ष ठेवा. सध्या ते लहान, लिंबाएवढे असतील, दिवसाला दोनेक. ओलं खाणं अंगवळणी पडलं की ते मोठे होतील, एखादा वाढेलही. घाबरू नका, आपल्याला हवं होतं तेच पाणी तिथे दिसतंय. मात्र खाणं न बदलता पुढे कधी गोळे अचानक मोठे झाले, आणि तो भांड्यापाशी सारखा जायला लागला, तर मधुमेह आणि मूत्रपिंड दोन्ही तपासायला त्याच आठवड्यात घेऊन या. गोळे लहान होत गेले किंवा दिसेनासे झाले, तर त्याच तासाला.